मीटरवर ८४, छातीत मात्र धडधड: आवाजाचे तरंग आणि डेसिबलचा अपुरा आकडा

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक आकडा हमखास छापून येतो: लक्ष्मी रस्त्यावरच्या अमुक चौकात आवाज इतक्या डेसिबलवर पोहोचला. पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, विद्यार्थी वर्षानुवर्षे रात्रभर चौकाचौकांत उभे राहून ही मोजणी करतात, आणि शहरातील आवाजाविषयीची बरीचशी चर्चा त्यांच्या या चिकाटीवर उभी आहे. मात्र तो आकडा हाती आल्यावर त्याचे काय करायचे, याबाबत वाचकांचा गोंधळ उडतो. ९५ चे १०० झाले म्हणजे पाचच वाढले ना, असे एकजण म्हणतो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असताना आमच्या खिडक्यांची तावदाने का थरथरतात, असे दुसरा विचारतो. तिसऱ्याची तक्रार अशी असते की, मीटर लावले तर आकडा फारसा मोठा येत नाही, तरी छातीत धडधड होते आणि घरातील वृद्धांना बसवत नाही.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तरंगांच्या अगदी मूलभूत भौतिकशास्त्रात आहेत. ती नीट समजून घेतली की एक गोष्ट स्पष्ट होते: आज ज्या एका आकड्यावरून आपण भांडतो, तो आकडा डीजेच्या दणदणाटातील सर्वांत त्रासदायक भागाचे माप जवळजवळ घेतच नाही.

आवाज म्हणजे नेमके काय पुढे सरकते?

गणपतीच्या दर्शनाची रांग डोळ्यांसमोर आणावी. दाटीवाटीने उभ्या असलेल्या रांगेत मागून कुणी धक्का दिला, तर प्रत्येकजण किंचित पुढे झुकतो, पुढच्याला ढकलतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. धक्का रांगेच्या टोकापर्यंत पोहोचतो, पण मागचा माणूस काही पुढे पोहोचत नाही. हवेतील आवाजही असाच प्रवास करतो. स्पीकरचा पडदा पुढे आला की त्याच्या लगतची हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते. आणि दाबलेल्या व विरळ हवेचे हे पट्टे एकामागून एक पुढे सरकत राहतात. हवा जागच्या जागी हेलकावते. पुढे जाते ती ऊर्जा. माध्यम नसेल तर आवाज नाही, हे रॉबर्ट बॉईलने १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्वात पात्रातील प्रयोगांतून दाखवले होते.

२० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत हा धक्का सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पुढे जातो. तापमान एका अंशाने वाढले की वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे पुण्याच्या भाद्रपदातील उबदार संध्याकाळी तो ३४७ च्या आसपास असतो. दाबातील बदल मात्र आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९५,००० पास्कल असतो. कान किटतील असा १०० डेसिबलचा आवाज त्या दाबात जेमतेम २ पास्कलचा चढउतार करतो. एवढ्याशा चढउतारानेही कानाला इजा होते, यावरून कान किती नाजूक साधन आहे ते कळावे.

एका सेकंदात हवेचे किती हेलकावे होतात, त्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. दाबलेल्या हवेच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. आवाजाच्या वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते, आणि हा साधा भागाकारच पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा आहे. ताशाच्या कडकडाटात हजार हर्ट्झ आणि त्यापुढील कंप्रता भरपूर असतात. हजार हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर भरते. डीजेच्या मोठ्या बेस स्पीकरमधून येणारा ६३ हर्ट्झचा सूर घ्यावा, तर त्याची तरंगलांबी साडेपाच मीटर होते. एक तरंग पाटाच्या रुंदीत मावतो, दुसरा दुमजली वाड्याच्या उंचीला जाऊन भिडतो. या दोघांशी भिंती, खिडक्या आणि गल्ल्या एकसारख्या वागतील अशी अपेक्षाच करता येत नाही.

पाचच डेसिबल वाढले, तर एवढा गाजावाजा कशाला?

ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद आवाजात दाबाचा चढउतार एका पास्कलच्या पन्नास हजाराव्या भागाइतका असतो, तर कान दुखू लागतात त्या पातळीला तो २० पास्कलच्या घरात जातो. दोन्हींतील ऊर्जेचे गुणोत्तर एकास एक लाख कोटी इतके प्रचंड आहे. इतका मोठा पल्ला साध्या मोजपट्टीवर मांडणे अवघड असल्याने डेसिबलची पट्टी गुणाकाराच्या पायऱ्यांवर उभी केली आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दसपट झाली, आणि ३ डेसिबल वाढले म्हणजे जवळजवळ दुप्पट.

त्यामुळे ९५ वरून १०० वर जाणे म्हणजे शेकडा पाच टक्क्यांची वाढ नव्हे. हवेतून येणारी ऊर्जा तिपटीहून अधिक झालेली असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील, ४५ डेसिबल आहे. चौकात ९५ डेसिबल नोंदले गेले, तर दिवसाच्या मर्यादेपेक्षा दहा हजारपट ऊर्जा तेथे हवेतून वाहत असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे: मेंदूला हा आवाज दहा हजारपट मोठा वाटत नाही. साधारणपणे दर १० डेसिबलला आवाज दुप्पट झाल्यासारखा जाणवतो. म्हणजे आपली जाणीव वाढ फार कमी लेखते, पण कानाच्या आतील पेशींना सोसावी लागते ती ऊर्जाच.

कानाच्या शंखाकृती भागात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार संवेदी पेशी असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, कामगाराने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला फार तर आठ तास राहावे आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. या हिशेबाने ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. आपली मिरवणूक अलीकडे चोवीस तासांहून अधिक चालते. बंदोबस्तावरचे पोलीस, चहा-वडापावची गाडी लावणारे, स्वतः वादक आणि रथाबरोबर चालणारे कार्यकर्ते यांची पंधरा मिनिटे मिरवणुकीच्या पहिल्याच टप्प्यात संपलेली असतात.

आवाज दोन गल्ल्या ओलांडून कसा येतो?

उघड्या मैदानात एका बिंदूतून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो, कारण तीच ऊर्जा चौपट क्षेत्रावर पसरते. पेठांमधील रस्ते मैदान नाहीत. दोन्ही बाजूंना सलग इमारती असल्याने ऊर्जेला बाजूंना पसरायला वाव मिळत नाही. ती भिंतींवर आपटत रस्त्याच्याच दिशेने पुढे जाते आणि घट ६ पेक्षा बरीच कमी होते. त्यातच स्पीकर एकटा नसतो. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत जवळ उभ्या असलेल्या माणसाला बिंदूसारखी नसतेच, त्यामुळे चार पावले मागे सरकून आवाज कमी झाल्याचे जाणवत नाही.

कोपरा वळून येण्याचे कारण वेगळे आहे. तरंग अडथळ्याच्या कडेभोवती वळतात, आणि तरंगलांबी अडथळ्याच्या मापाएवढी किंवा त्याहून मोठी असेल तर हे वळणे ठळक होते. यालाच विवर्तन म्हणतात. ताशाचा पस्तीस सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड तरंग इमारतीच्या कोपऱ्याशी अडतो आणि पलीकडे त्याची बऱ्यापैकी सावली पडते. साडेपाच मीटरचा बेस मात्र त्याच कोपऱ्याला वळसा घालून आतल्या बोळात शिरतो. म्हणूनच मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावर असताना सदाशिव पेठेतील आतल्या घरात गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चाल ओळखू येत नाही, आणि तरीही ठोके एकन् एक मोजता येतात. गाण्यातील वरच्या कंप्रता वाटेत गळून पडलेल्या असतात.

रात्री हा परिणाम आणखी वाढू शकतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड हवेत आवाजाचा वेग कमी असल्याने वर निघालेले तरंग हळूहळू खाली वाकतात आणि दूरवरच्या वस्तीत उतरतात. थंडीत पहाटे लांबच्या रेल्वेची शिट्टी ज्या कारणाने स्पष्ट ऐकू येते, ते हेच.

दारे-खिडक्या लावून घेतल्या तर?

हा सल्ला फार वेळा दिला जातो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. भिंत आवाज अडवते ती मुख्यतः तिच्या वजनामुळे. हवेतील दाबाचा चढउतार भिंतीला ढकलतो. भिंत थोडी जरी हलली तरी ती पलीकडची हवा हलवते आणि आवाज आत येतो. धक्के जितके जलद, तितका जड भिंतीचा जडपणा त्यांना अधिक विरोध करतो. सावकाश येणाऱ्या धक्क्यांना तिला साथ द्यायला पुरेसा वेळ मिळतो. सिद्धांतानुसार कंप्रता दुप्पट झाली की भिंतीचा किंवा काचेचा अटकाव सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ६३ पासून १००० हर्ट्झपर्यंत चार वेळा दुप्पट होते, म्हणजे तीच खिडकी ६३ हर्ट्झला हजार हर्ट्झपेक्षा जवळपास २४ डेसिबलने कमी अडवते. प्रत्यक्षात फटी, चौकटी आणि काचेची जाडी यांमुळे हा आकडा बदलतो, पण दिशा बदलत नाही. खिडकी लावल्यावर रस्त्यावरचा गलका थांबतो आणि बेस तेवढा उरतो. उलट बाकीचे आवाज गेल्याने तो अधिकच ठसठशीत होतो.

खोलीत आल्यावर त्याला आणखी बळ मिळते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असेल, तर परतून येणारे तरंग जाणाऱ्या तरंगांत मिसळून ठरावीक जागी आवाज वाढवतात. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली घ्यावी. बारा फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर, आणि त्यावरून येणारी कंप्रता ४७ हर्ट्झच्या आसपास. दहा फुटांसाठी ती ५७ हर्ट्झच्या जवळ जाते. डीजेचा बेस नेमका याच पट्ट्यात असतो. बाहेर दणदणाट चालू असताना खोलीच्या मधोमध उभे राहावे आणि मग सावकाश कोपऱ्याकडे चालत जावे. गाणे तेच असते, स्पीकर तेवढ्याच अंतरावर असतो, पण कोपऱ्यात बेस स्पष्टपणे जड होतो. आजारी माणसाची खाट कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्याकडे सरकवल्याने खरोखर फरक पडू शकतो, आणि हा उपाय कुणाच्याही परवानगीवाचून करता येतो.

तावदाने, शटर, फडताळातील डब्यांची झाकणे यांचा थरथराटही याच प्रकारचा. प्रत्येक वस्तूची हलण्याची स्वतःची एक कंप्रता असते, आणि बाहेरून तीच कंप्रता आली की थोड्या ऊर्जेतही वस्तू जोराने हलू लागते. याला अनुनाद म्हणतात. थरथरणाऱ्या झाकणावर बोट टेकवले की ते गप्प होते, पण हवेतील दाब तसाच असतो. आपल्या छातीचा पिंजरा आणि फुप्फुसांतील हवाही खालच्या कंप्रतांना साथ देते. छातीत होणारी धडधड ही त्या दाबाची प्रत्यक्ष जाणीव आहे, मनाचे खेळ नव्हेत.

मग मीटर हे सगळे का दाखवत नाही?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता येतो. माणसाचा कान सगळ्या कंप्रतांना सारखाच प्रतिसाद देत नाही. मंद आवाजात खालच्या पट्टीचे सूर त्याला फार कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याच्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या. मीटरचा आकडा ऐकण्याशी जुळावा म्हणून अशा वक्ररेषांच्या आधारे मोजणीत वजावट करण्याची पद्धत आली. तिला ए-भारण म्हणतात, आणि आपल्या नियमांतील ५५, ४५ हे सर्व आकडे ए-भारणातीलच आहेत.

ए-भारणात हजार हर्ट्झच्या आवाजातून काहीही वजा होत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात, ६३ हर्ट्झमधून २६ आणि ५० हर्ट्झमधून ३०. आता समजा, एखाद्या ठिकाणी ६३ हर्ट्झचा निव्वळ बेस ११० डेसिबलने आदळत आहे. मीटर दाखवील ८४. वाचणाऱ्याला वाटेल की हा तर एखाद्या गजबजलेल्या चौकातील रहदारीएवढा आवाज. प्रत्यक्षात तावदानावर, झाकणांवर आणि छातीवर आदळणारा दाब ११० डेसिबलचा, म्हणजे ८४ डेसिबलच्या दाबाच्या जवळपास वीसपट असतो.

ही वजावट करणे चूक आहे का? मंद आवाजासाठी नाही. पंख्याची घरघर किंवा दूरच्या रहदारीची गाज मोजायची असेल तर ए-भारण योग्य ठरते, कारण ज्या वक्ररेषेवर ते बेतलेले आहे ती ४० डेसिबलच्या आसपासच्या आवाजाची आहे. आवाज मोठा होत गेला की कानाची खालच्या पट्टीबद्दलची ही उदासीनता कमी होत जाते, आणि बेस मंद आवाजातल्यापेक्षा कितीतरी ठळकपणे ऐकू येतो. मंद आवाजासाठी ठरवलेली सूट आपण मिरवणुकीतील डीजेला देत आहोत. मोठ्या आवाजांसाठी सी-भारण ही दुसरी पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात ६३ हर्ट्झमधून एक डेसिबलही पुरता वजा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सामुदायिक आवाजाविषयीच्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे की, खालच्या कंप्रता ठळक असतील तेथे ए-भारणातील मोजणी योग्य नाही, आणि सी व ए या दोन्ही मोजण्यांतील फरक १० डेसिबलहून अधिक असेल तर कंप्रतांनुसार तपासणी करावी.

मोबाइलवरील अॅपने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. फोनचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी घडवलेला असतो, अनेक फोन खालच्या कंप्रता मुद्दाम गाळतात, आणि मोठ्या आवाजाला तो लवकर हात टेकतो. शेजाऱ्याच्या अॅपवर आकडा कमी आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

ढोल-ताशाही मोठाच असतो, मग डीजेलाच नावे का?

आक्षेप रास्त आहे. पथकातील शंभर ढोल आणि ताशे एकत्र वाजले की जवळ उभ्या माणसाच्या कानाला धोका असतोच, आणि पंधरा मिनिटांचा हिशेब तेथेही लागू होतो. वादकांच्या कानांची काळजी पथकांनी याहून कितीतरी अधिक घेतली पाहिजे, कारण त्यांचा संबंध एका दिवसाशी नसतो; नदीपात्रातील सराव आधी कित्येक आठवडे चालतो. कानात कापसाचे बोळे घातल्याने फारच थोडा फरक पडतो. फोमचे बोळे दोन बोटांत चुरगाळून, कान किंचित वर ओढून खोलवर बसवले तर मात्र चांगला अटकाव होतो.

तरीही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. टिपरू ढोलाच्या पानावर पडते तेव्हा ऊर्जा क्षणात निर्माण होते आणि विरते. दोन टोलांच्या मध्ये शांततेचा अवकाश राहतो. ती ऊर्जाही माणसाच्या दंडातून आलेली असते आणि दंड थकतो. डीजेचा बेस विद्युतशक्तीवर तासन् तास त्याच पातळीवर राहतो. शिवाय शंभर वादकांचे ठोके क्षणाच्या सूक्ष्म अंशाने मागेपुढे होतात, त्यामुळे त्यांच्या वरच्या कंप्रता एकमेकांत तंतोतंत मिसळत नाहीत: वादक दुप्पट केले की सुमारे ३ डेसिबल वाढतात. एकाच तारेवर चालणारे बेसचे खोके एकमेकांना खेटून रचले की त्यांच्यातील अंतर साडेपाच मीटरच्या तरंगापुढे नगण्य ठरते. सर्वांचे दाब एकाच वेळी एकाच दिशेने जुळतात आणि खोके दुप्पट झाले की ६ डेसिबलपर्यंत वाढ होते. एकाचे आठ केले तर १८.

नियमात काय बदलता येईल?

उत्सवाच्या काळात वर्षातील ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, रात्री बारापर्यंत ध्वनिवर्धकाची सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटरचे शांतता क्षेत्रही कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ध्वनिप्रदूषणाविषयी सविस्तर निकाल दिला, त्यालाही दोन दशके उलटली. वेळ आणि अंतर यांचा विचार झाला, कंप्रतेचा राहिला.

मंडळांवर स्पीकरच्या संख्येची मर्यादा घातली जाते, पण संख्या निम्मी करून उरलेल्यांचा आवाज वाढवला तर हाती काही लागत नाही. त्याऐवजी चौकातील प्रत्येक नोंदीबरोबर ए आणि सी असे दोन्ही आकडे घ्यावेत आणि दोन्ही जाहीर करावेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रमाणित ध्वनिमापकांपैकी बहुतेकांवर ए-सी बदलण्याची सोय असते. परवानगीच्या अटींत सी-भारणातील स्वतंत्र मर्यादा घालावी, आणि ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याला १०० हर्ट्झखालचा भाग उतरवायला सांगावे. मिक्सरवर हे काम काही सेकंदांचे आहे. असे केल्याने गाणे ऐकू येते, नाचणाऱ्यांचा ताल चुकत नाही, आणि दोन गल्ल्या आत राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचणारा भाग सर्वांत आधी कमी होतो.